तळ्याकाठी, खाडीकाठी, डोंगरात काही उभारायचं असेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत दर वर्षी कुठल्या तरी तळ्याचं, टेकडीचं किंवा खाडीकाठाचं सुशोभीकरण निघतं. भूमिपूजनाचा नारळ फुटला की आमच्याकडे विचारणा सुरू होते. सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, पक्षी बघायला येणारे विचारतात, एखादे माजी नगरसेवक विचारतात, कधी ठेकेदाराचा माणूसही हळूच विचारून जातो. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि आमची उत्तरं इथे आहेत. आमची मतं त्यात आहेतच, ती लपवलेली नाहीत.

आपल्याकडे जपायच्या जागा म्हणजे नेमक्या कोणत्या?

कागदावर भक्कम अशा दोन. पहिली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. ६ ऑगस्ट २०१५ ला जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून जास्त खारफुटी. पुढे २०२२ मध्ये अभयारण्य आणि भोवतालचा पट्टा मिळून ६,५२१ हेक्टर क्षेत्र रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर राज्यातलं हे तिसरं. दुसरी जागा येऊर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. उद्यानाभोवतीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झालं, त्यामुळे गेटच्या बाहेरच्या जमिनीवरही बंधनं आहेत.

खरी ओढाताण होते ती यांच्या मधल्या जागांवर. नेरूळचा डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूल) शाळेजवळचा तलाव, टी. एस. चाणक्य ही नौवहन प्रशिक्षण संस्था आणि एनआरआय संकुल यांच्याजवळच्या पाणथळी, पारसिकची टेकडी, खारघरचे डोंगर, ठाण्यातले तलाव. इथे जमीन एकाची, देखभाल दुसऱ्याची आणि उद्घाटनाची पाटी तिसऱ्याची. डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला राज्य वन्यजीव मंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली. त्याआधी तिथल्या रोहित पक्ष्यांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, काय भोगावं लागलं ते पुढे येईल.

तुम्ही शिल्पांच्या, पुतळ्यांच्या विरोधात आहात का?

नाही. चौकात, दुभाजकावर, उड्डाणपुलाखाली हवी तितकी उभारा. नवी मुंबईत ठिकठिकाणी फ्लेमिंगोची शिल्पं आहेत, मुलांना ती आवडतात, आम्हालाही त्यातली काही आवडतात. सिमेंटच्या जागी सिमेंट वाढलं म्हणून बगळ्याचं काही जात नाही.

मग नैसर्गिक जागेत एक छोटंसं शिल्प उभारलं तर बिघडतं कुठे?

शिल्पाने फार बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्या मागून येणाऱ्या लटांबराने.

समजा, पाणथळीच्या काठावर माणसाच्या उंचीचं एक शिल्प मंजूर झालं. ते बसवायला क्रेन आत गेली पाहिजे, म्हणून भराव टाकून रस्ता केला जातो. काम संपलं तरी भराव उचलायला कोणी येत नाही, कारण निविदेत ते कलमच नसतं. मग शिल्प रात्री दिसावं म्हणून केबल येते. केबल आली की चार फ्लडलाइट. दिवे चोरीला जाऊ नयेत म्हणून रखवालदार, रखवालदारासाठी केबिन, केबिनसाठी पाण्याची टाकी. फोटो काढायला लोक येतात, लोकांच्या मागून वडापावची गाडी, गाडीमागून उष्टं आणि उष्ट्यामागून कुत्री. टिटवी आपली अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या आडोशाने घालते. कुत्री आली की तिचा तो हंगाम संपलाच. येऊरच्या बाजूला हीच साखळी आणखी एक पायरी पुढे जाते. कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. मग बिबट्या वस्तीत शिरला म्हणून आरडाओरडा आपणच करतो.

म्हणून कुठलाही प्रस्ताव आला की आम्ही शिल्पाचं चित्र बाजूला ठेवतो आणि विचारतो, वीज कुठून येणार, ट्रक कुठून जाणार, पाणी कुठे तुंबणार आणि रात्री दहानंतर तिथे काय चालू असणार? या चार प्रश्नांची उत्तरं धड मिळाली तर शिल्प कुठलंही असो, आमची हरकत नसते. उत्तरं मिळाली नाहीत तर शिल्प कितीही सुंदर असो.

नुसता एखादा फलक लावला तरी धोका असतो का?

असतो. २०२४ च्या सुरुवातीला नेरूळ जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या मोठ्या फलकाला धडकून रोहित पक्षी मेले. पक्षीप्रेमींनी आवाज उठवल्यावर तो फलक काढण्यात आला. फलकात वाईट असं काही नव्हतं, रस्ता दाखवणाराच होता. पण तो उभा होता तिथून खाडी आणि डीपीएस तलाव यांच्यामधली पक्ष्यांची रोजची वाट जाते.

ही वाट समजून घेतली पाहिजे. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, तेव्हा रोहित तिथे चरतात. भरती चढली की चिखल पाण्याखाली जातो आणि उभं राहायला उथळ पाणी लागतं. त्यासाठी ते आतल्या पाणथळींकडे उडत येतात. हे भरतीच्या वेळेनुसार चालतं, घड्याळानुसार नाही, म्हणून कधी भर दुपारी तर कधी मध्यरात्री ये-जा होते. त्यांचं उड्डाण लांब पायांचं, जडसर. ऐन वेळी वळणं त्यांना जमत नाही. तेव्हा खाडी आणि तळं यांच्यामध्ये उंच काहीही नको. होर्डिंग नको, हायमास्ट (उंच खांबावरचे झगझगीत दिवे) नको, काचेची गॅलरी तर नकोच.

त्याच वर्षी उन्हाळ्यात डीपीएस तलावात भरतीचं पाणी येणं थांबलं, तळं सुकत गेलं आणि पक्षी रस्त्यांवर येऊन मरू लागले. तिथे कोणी शिल्प बसवलं नव्हतं. पाण्याची वाट बंद झाली, तेवढंच पुरेसं झालं.

रात्रीचे दिवे किती आणि कसे असावेत?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. दिव्यांचा खर्च कमी झाल्यापासून पालिका, आमदार निधी, सोसायट्या सगळ्यांनी उजेडाचा सपाटा लावला आहे. एलईडी स्वस्त, वीज कमी खातो, मग शंभराच्या जागी पाचशे बसवले तरी बिल तेवढंच.

बहुतेक ठिकाणी ६,५०० केल्विनचा पांढराफटक दिवा बसवतात. केल्विन म्हणजे उजेडाचा रंग सांगणारा आकडा, तो जितका मोठा तितका उजेड पांढरा-निळसर. त्यात निळा प्रकाश जास्त असतो. तो हवेत जास्त पसरतो आणि किड्यांना जास्त ओढतो. रात्रभर दिव्याभोवती घिरट्या घालून मेलेला किडा सकाळी फुलावर जात नाही आणि पाखरांच्या चोचीतही जात नाही. ३,००० केल्विनच्या आतला पिवळसर दिवा त्यामानाने बरा. पाणथळीजवळ, जंगलाच्या कडेला २,२०० च्या आसपासचा, अंबर रंगाचा घ्यावा. खोक्यावर आकडा छापलेला असतो, वाचून घ्या.

रंगापेक्षाही दिव्याची दिशा महत्त्वाची. दिवा वरून झाकलेला, उजेड फक्त पायाखाली पडणारा हवा. झाडावर खालून वर मारलेला झोत किंवा पाण्यावर टाकलेला लेझर शो, यातला बहुतेक उजेड आकाशात जातो. रात्री उडणाऱ्या पक्ष्याला तिथे आपण काय दाखवतोय?

येऊरमध्ये पावसाच्या तोंडावर काजवे दिसतात. काजव्याची लुकलुक म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक असते. शेजारच्या टर्फवर (कृत्रिम गवताच्या मैदानावर) फ्लडलाइट लागले की ती हाक कोणाला दिसत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात काजवे कमी होतात. अंधार हीसुद्धा जपायची गोष्ट आहे हे आपल्याच राज्याने मान्य केलं आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. ठाण्यात तितका अंधार होणार नाही, तशी अपेक्षाही नाही. निदान येऊरच्या गेटपासून आत तरी दिव्यांची माळ नको.

पण अंधार ठेवला तर बायका-मुली तिथून जाणार कशा?

रास्त प्रश्न आहे आणि पर्यावरणाच्या नावाखाली तो झटकून टाकणाऱ्यांचा आम्हाला राग येतो. ज्या वाटेने लोक रात्री कामावरून घरी जातात, ती वाट उजळलेलीच हवी, मग ती खाडीकाठची असो वा पाड्यावरची. येऊरच्या पाड्यांत राहणाऱ्या मुलीला शहरातल्या मुलीइतकाच सुरक्षित रस्ता मिळायला हवा.

पण तेवढ्यासाठी तळ्याचा पूर्ण घेर रात्रभर झगमगायला नको. चालायच्या पट्ट्यावर कमी उंचीचे, खाली झुकलेले दिवे लावावेत. माणूस आला की उजळणारे सेन्सरचे असतील तर उत्तमच. झगझगीत उजेडाबाहेरचं डोळ्यांना काहीच दिसत नाही, त्यामुळे दोन हायमास्टच्या मधला काळोख उलट जास्त धोक्याचा असतो. एकसारखा, मंद उजेड माणसालाही बरा पडतो. फिरायची जागा असेल तर रात्री साडेनऊ-दहाला गेट बंद करून दिवे विझवावेत.

सणासुदीला झाडांवर रोषणाई केली तर?

चार दिवस केली तर झाड मरत नाही. अडचण अशी की दिवाळीला चढवलेल्या माळा होळीपर्यंत उतरत नाहीत आणि काही ठिकाणी तर वर्षानुवर्षं. झाड वाढतं, तार वाढत नाही. ती सालीत रुतत जाते, खिळ्याच्या भोकातून कीड आणि बुरशी आत शिरते. झाडाला रात्र किती मोठी आहे यावरून ऋतू कळतो, ती मोजणी बिघडते. घरट्यातल्या पाखरांचं तर विचारूच नका. या विषयावर ठाणे, मुंबई आणि मीरा-भाईंदरमधल्या झाडांवरच्या रोषणाईबद्दल मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि २०२४ मध्ये न्यायालयाने महापालिकांना नोटिसा काढल्या. आपल्या गल्लीत अशी माळ दिसली तर उद्यान विभागाला फोटोसह लिहा. हा सगळ्यात सोपा विजय असतो, माळ उतरवायला टेंडर लागत नाही.

तळ्याभोवती ट्रॅक, कठडा, पेव्हर ब्लॉक: यात काय वाईट?

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. एके काळी साठेक तलाव होते असं सांगतात, आज पस्तीसच्या आसपास उरले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना चहूबाजूंनी दगडी किंवा काँक्रीटची भिंत आहे. भिंतीमुळे अतिक्रमण थांबलं, हे मान्य करायलाच हवं. भिंत नसती तर आणखी काही तलाव इमारतींखाली गेले असते.

पण तळ्याचा सगळा जीव काठात असतो. उतरत्या, चिखलाच्या, लव्हाळ्याच्या काठावर वंचक उभा राहतो, बेडूक अंडी घालतात, चतुर बसतात, टिबुकली घरटं तरंगवते. भिंत सरळ उभी केली की तळं म्हणजे पाण्याने भरलेली टाकी. मासुंदा तलावाच्या काठावर, गडकरी रंगायतनसमोर, हे आता बदलणं अवघड आहे. शहराच्या मध्यावरची ती जागा माणसांचीच राहणार. उपनगरातल्या, डोंगरापायथ्याच्या तलावांत मात्र अजून संधी आहे.

आमचं म्हणणं साधं आहे. तळ्याच्या चार बाजूंपैकी एक किंवा दोन बाजू माणसांना द्या, चांगला ट्रॅक करा, बाकं टाका, ओपन जिमही टाका. उरलेल्या बाजूंना माणसाने जायचंच नाही. पूर्ण प्रदक्षिणा घालता आली पाहिजे हा हट्ट सोडला तर निम्मं भांडण मिटतं. ट्रॅकही मुरमाचा, पाणी मुरू देणारा हवा. पेव्हर ब्लॉकखाली सिमेंटचा थर घालतात, तिथे पाणी मुरत नाही आणि शेजारच्या वडाची मुळंही घुसमटतात.

ज्येष्ठ नागरिक आणि व्हीलचेअरवरच्या लोकांचं काय? मुरमाच्या वाटेवर चाक रुतेल.

चांगला दाबलेला, रोलर फिरवलेला मुरूम असेल तर रुतत नाही, पण पावसाळ्यात त्रास होतो. गेटपासून पहिल्या बाकापर्यंत आणि पाणी दिसेल अशा एका जागेपर्यंत पक्की, कमी उताराची वाट असायलाच हवी. आजोबांना तळं दिसलं पाहिजे, त्यासाठी तळ्याचा अख्खा घेर फरसबंद करायची गरज नाही.

कारंजं बसवल्याने पाणी स्वच्छ होतं ना?

पाण्यात हवा मिसळते, हे खरं. पण तळ्यात सांडपाण्याचा पाइप येत असेल तर कारंजं म्हणजे तापाच्या रोग्याला अत्तर. आधी पाइप शोधा. मग काठाला वाळा, कर्दळ अशा झाडांची तरंगती बेटं सोडा. ती पाण्यातलं खत शोषून घेतात आणि पक्ष्यांना बसायला जागा होते. इतकं झाल्यावर पैसे उरले तर छोटं कारंजं, दिवसा चालणारं, रंगीत दिव्यांविना.

खारफुटीतून बोर्डवॉक केला तर तोही तुम्हाला चालणार नाही?

चालतो. ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र बघून या. खारफुटीतून जाणारी लाकडी वाट, माहिती केंद्र, खाडीतली बोटफेरी. शाळेतली मुलं तिथून घरी जाताना खेकड्यांबद्दल बोलत जातात. निसर्गाच्या जागेत माणसासाठी काही उभारायचं तर ते साधारण असं असावं.

तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली असतात, काड्या रोवल्यासारखी. त्यांच्यावर डेब्रिज पडलं की झाड गुदमरतं. म्हणून बोर्डवॉक खांबांवर हवा, भरावावर नाही. फळ्यांमध्ये फटी हव्यात, म्हणजे खाली उजेड पोचतो. उंची उधाणाच्या भरतीच्या वर हवी, नाहीतर एका पावसाळ्यात कचरा अडकून बंधारा तयार होतो. भरतीचं पाणी दिवसातून दोनदा आत येऊन बाहेर गेलं पाहिजे, त्याच्या आड एक पाइपही येऊ नये.

कायद्याचं बघाल तर खारफुटी आणि चिखलपट्टे किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक गटात येतात. २०१९ च्या अधिसूचनेत निसर्गवाटा आणि खारफुटीतल्या पायवाटांना जागा ठेवली आहे, पण त्या मंजूर किनारा आराखड्यात दाखवलेल्या असल्या पाहिजेत. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभर खारफुटी तोडायला बंदी घातली आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम नको असं सांगितलं. त्यामुळे ‘आमची पायवाट आहे, आम्हाला परवानगी नको’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

होल्डिंग पाँडची (पावसाचं पाणी साठवायच्या तळ्याची) जागा तर सिडकोनेच खोदलेली आहे. तिला नैसर्गिक कसं म्हणायचं?

खोदलेली आहे, बरोबर. नवी मुंबईची बरीच जमीन भरतीच्या पातळीला किंवा तिच्याखाली आहे. भरतीला झडपा बंद होतात, पावसाचं पाणी या तळ्यांत साठतं आणि ओहोटीला खाडीत जातं. डच पद्धतीची ही योजना नसती तर मोठ्या पावसात नेरूळ-बेलापूरला होड्याच लागल्या असत्या.

पण पक्षी तळ्याचा जन्मदाखला बघत नाहीत. पाणी उथळ आहे, खाऊ मिळतो, त्रास नाही, एवढं त्यांना पुरतं. गाळ साठला, खारफुटी वाढली आणि आता तिथे पालिकेची खरीखुरी कोंडी आहे. गाळ काढावा तर खारफुटी जाते, न काढावा तर पूर येतो. आमच्या मते पाणी साठवायची क्षमता पहिली. न्यायालयाची परवानगी घेऊन टप्प्याटप्प्याने गाळ काढावा, अख्खं तळं एका हंगामात उपसू नये. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईसारख्या ठिकाणी फिरायला हजारो लोक येतात, ते येऊ देत. तळ्यात नवा चौथरा, नवं बेट, नवी उपाहारगृहं मात्र नकोत. तिथला प्रत्येक घनमीटर पावसाच्या पाण्यासाठी राखलेला आहे.

सेल्फी पॉइंट?

गेटच्या बाहेर, पार्किंगशेजारी.

पक्षी बघायला मनोरा बांधायची मागणी आहे. ती तरी योग्य ना?

मनोऱ्यापेक्षा आडोसा बरा. मनोऱ्यावर उभा माणूस पक्ष्यांना आकाशासमोर स्पष्ट दिसतो. बांबूची किंवा गवताची डोक्याइतकी भिंत आणि तिला दोन उंचीच्या खिडक्या, एक मोठ्यांसाठी, एक मुलांसाठी, एवढ्यावर काम होतं. खर्च कमी, मोडली तर परत बांधता येते. आणि खरं सांगायचं तर काही पाणथळींवर फुकटच्या फोटोग्राफरांचा उपद्रव इतका आहे की थवा उडतानाचा फोटो मिळावा म्हणून दगड मारणारे, परवानगीशिवाय ड्रोन उडवणारेही दिसतात. त्यांच्यासाठी मनोरा बांधायला आमचा पाठिंबा नाही.

येऊरच्या जंगलात आधीपासून देवस्थानं आहेत. मग नव्या मूर्तीलाच हरकत का?

वारली पाड्यांचा वाघोबा बघा. दगडाच्या किंवा लाकडाच्या फळीवर कोरलेला वाघ, सोबत चंद्र-सूर्य, वर शेंदूर. वाघबारशीला पूजा होते, नारळ फुटतो, लोक घरी जातात. वर्षाचे बाकीचे दिवस तो झाडाखाली एकटा असतो. त्याला वीज लागत नाही, पार्किंग लागत नाही, आणि तो ज्याचा देव आहे तो बिबट्याही रात्री त्याच्यासमोरून जातो. जंगलात कायमची वस्तू कशी ठेवावी हे पाड्यातल्या लोकांना आपल्या नगररचनाकारांच्या आधीपासून माहीत आहे.

पण या उदाहरणाचा गैरफायदाही घेतला जातो. वाघोबाच्या नावाने बाहेरच्यांनी पत्र्याचा मंडप टाकला, फरशी घातली, स्पीकर लावला, तर तोही वरच्याच चार प्रश्नांत बसतो. देवाला सूट आहे, स्पीकरला नाही.

जंगलाच्या कडेला पायवाट रुंद केली, तेवढ्याने काय होणार?

उतारावर बहुतेकदा कारवी असते. ती आठ वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून मरते. राष्ट्रीय उद्यानात २०१६ नंतर २०२४ मध्ये फुलली. फुलण्याआधी कुठल्याही वर्षी झुडपं खरवडली तर त्या तुकड्यावर बीच पडत नाही. कारवीच्या मुळांनी धरलेली माती मग पहिल्या जोराच्या पावसात रस्त्यावर येते आणि पालिका तिथे संरक्षक भिंतीचं टेंडर काढते.

पुतळ्याला कोणाकोणाची परवानगी लागते?

सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि तशाच वापराच्या जागांवर नवे पुतळे नकोत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये दिला. राज्यात पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, प्रशासनाची आणि पोलिसांची वेगळी. यात सगळा भर पुतळ्याचा चेहरा आणि रहदारी यांवर असतो. परिणाम असा की चौकातून नकार मिळालेला पुतळा तळ्याच्या काठावर येऊन बसतो, कारण तिथे कोणाची गाडी अडत नाही.

काम सुरू झालंय. आता कोणाकडे जायचं?

आधी जमीन कोणाची ते काढा. सातबारा, सिटी सर्व्हे किंवा सिडकोचा नकाशा. इथे चूक झाली तर तीन महिने अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहतो. मग माहिती अधिकारात कार्यादेश आणि अंदाजपत्रक मागा. शिल्पाच्या रकमेपेक्षा विद्युत कामाची आणि भरावाची रक्कम आधी बघा, खरा प्रकल्प तिथे कळतो.

झाड तोडणं किंवा हलवणं असेल तर वृक्ष प्राधिकरण. झाडाला नोटीस चिकटवून हरकती मागवाव्या लागतात, मुदत सात दिवसांचीच असते, रोज नजर ठेवा. पन्नास वर्षांवरचं झाड २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष ठरतं, त्याचं वय लिहून कळवा. खारफुटी किंवा पाणथळीत भराव दिसला तर कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे तक्रार जाते, सोबत वन विभागाच्या कांदळवन (खारफुटी) कक्षालाही प्रत द्या. जखमी पक्षी-प्राणी दिसला तर वन विभागाचा १९२६.

फोटोवर तारीख असू द्या, आणि खाडीकाठचा फोटो असेल तर त्या दिवशीची भरतीची वेळही लिहा. ओहोटीला काढलेल्या फोटोवर ‘ही कोरडी जमीन आहे’ असं उत्तर आलेलं आम्ही पाहिलं आहे.

आमची सोसायटी स्वतःच काहीतरी करू इच्छिते. निविदेत काय घालायला सांगू?

काम नोव्हेंबर ते मे या काळात खाडीकाठी नको, तेव्हा रोहित आणि इतर पाहुणे पक्षी असतात. येऊरच्या बाजूला मे अखेर ते पावसाळा संपेपर्यंत नको. उरतो तो खाडीकाठी पावसाळ्यानंतरचा छोटा तुकडा. ठेकेदार कुरकुरतील, कुरकुरू द्या.

भराव आणि राडारोडा उचलल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही, हे कलम सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. दुसरं म्हणजे जे बसवाल ते पाना घेऊन सोडवता आलं पाहिजे, काँक्रीटमध्ये गाडलेलं नको. तिसरं, पाच वर्षांची देखभाल कोण करणार त्याचं नाव आणि पद. गंजलेला, डोकं तुटलेला फायबरचा हरीण तळ्याकाठी कोणाला बघायचा आहे?

आधीच बसवून झालेलं काढता येतं का?

येतं, आणि वाटतं त्यापेक्षा स्वस्तात. सुरुवात दिव्यांपासून करा, तिथे नुसतं बटण बंद करायचं असतं. एक महिना रात्री दहानंतर बंद ठेवून बघूया असा प्रस्ताव ठेवला तर प्रभाग समितीत सहसा कोणी अडवत नाही. त्यानंतर झाडांच्या बुंध्याभोवतीचं सिमेंट. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितलं होतं, त्या आदेशाचा दाखला इथे अर्जात देता येतो. कामाला छिन्नी-हातोडा पुरतो, ब्रेकर मशीन मुळांना लागतं. मग भरावाच्या रस्त्याखाली पाइप घालून किंवा तो तुकडा काढून पाण्याची वाट मोकळी करायची. पेव्हर ब्लॉक पुढच्या दुरुस्तीच्या वेळी, एकेका पट्ट्याने. शिल्पाचा नंबर सगळ्यात शेवटी येतो, आणि तोपर्यंत बहुतेक वेळा ते काढायची गरज उरत नाही. फक्त त्याची केबल परत जोडली जाणार नाही, असं देखभालीच्या करारात लिहून घ्या.